राजाचा परवाना, राजाचाच फास

३० जानेवारी १६९८. कोचीनजवळच्या समुद्रात 'क्वेदाह मर्चंट' नावाचं चारशे टनांच्या घरातलं एक तारू बंगालहून सुरतेकडे चाललं होतं. पोटात रेशीम, मलमल, साखर, अफू, सोरा आणि लोखंड. बराचसा माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, आणि काही औरंगजेबाच्या दरबारातल्या मुखलिस खान या बड्या सरदाराचा. कप्तान मात्र इंग्रज होता, जॉन राइट नावाचा.

पाठलाग करत आलेल्या जहाजावर फ्रेंच निशाण दिसलं, तेव्हा राइट फारसा घाबरला नाही. त्या काळी या किनाऱ्यावर फिरणारं कुठलंही शहाणं व्यापारी जहाज एकापेक्षा जास्त परवाने जवळ बाळगायचं. समोर ज्याचं निशाण, त्याचा कागद पुढे करायचा आणि वाट मोकळी करून घ्यायची. राइटने आपल्या जहाजावरच्या एका म्हाताऱ्या फ्रेंच माणसाला कप्तान म्हणून उभं केलं आणि फ्रेंच परवाना देऊन पलीकडे धाडलं. परवाना हाती पडला आणि समोरच्या जहाजावरचं फ्रेंच निशाण खाली उतरलं. त्या जागी इंग्लंडचं निशाण चढलं. फ्रेंच परवान्याचं जहाज म्हणजे इंग्लंडच्या शत्रूचं जहाज, आणि ते पकडण्याचा अधिकार या कप्तानाला खुद्द राजा तिसऱ्या विल्यमने दिलेला होता.

या कप्तानाचं नाव विल्यम किड. त्यानंतर साडेतीन वर्षं उलटायच्या आत लंडनमध्ये त्याला चाचा म्हणून फासावर चढवलं गेलं. आणि ज्या परवान्याच्या आधाराने त्याने हे तारू धरलं, तो कागद खटल्याच्या वेळी कुणालाच सापडला नाही.

किडचं नाव जगाला ठाऊक झालं ते पुरलेल्या खजिन्यामुळे. पण त्याच्या आयुष्यात खजिन्यापेक्षा कागदांचा वाटा मोठा आहे. परवाना कोणी दिला, त्यातून कोणाला किती मिळायचं होतं आणि गोष्ट अंगाशी येताच कोणी हात झटकले, हे पाहिलं की त्याच्या फाशीचा अर्थ लागतो. त्यातला निर्णायक भाग घडला तो आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर.

साठ टक्के, दोनदा

किड मूळचा स्कॉटलंडचा. १६८९ साली इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं तेव्हा तो कॅरिबियन समुद्रात होता. तिथे खलाशांनी एक जहाज बळकावलं, त्याचं नाव 'ब्लेस्ड विल्यम' ठेवलं आणि किड त्याचा कप्तान झाला. नेव्हिस बेटाच्या इंग्रज गव्हर्नरच्या बाजूने तो फ्रेंचांशी लढला. पण १६९० च्या फेब्रुवारीत तो किनाऱ्यावर उतरलेला असताना त्याच्याच माणसांनी जहाज पळवून नेलं. त्यांच्या म्होरक्यांपैकी एक होता रॉबर्ट कलिफर्ड. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१६९१ मध्ये किड न्यूयॉर्कला आला. तिथलं एक बंड मोडायला त्याने गव्हर्नरला मदत केली, त्याबद्दल त्याला दीडशे पौंडांचं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी सारा नावाच्या श्रीमंत विधवेशी त्याचं लग्न झालं. ट्रिनिटी चर्चचं बांधकाम चालू असताना दगड वर चढवायला त्याने आपले दोर आणि कप्प्या दिल्या होत्या. चाचा म्हणून जे चित्र डोळ्यापुढे येतं, त्यात न बसणारा, घर-संसार आणि गावात मान असलेला हा माणूस.

१६९५ मध्ये तो लंडनला गेला तो शाही आरमारात जागा मिळवायला. तिथे रॉबर्ट लिव्हिंग्स्टन या न्यूयॉर्कच्याच व्यापाऱ्याने त्याची गाठ लॉर्ड बेलोमाँटशी घालून दिली. बेलोमाँटची न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदी नेमणूक होणार होती. बेत असा ठरला: हिंदी महासागरात लूटमार करणाऱ्या इंग्रज चाच्यांना किडने पकडायचं, फ्रेंच जहाजं धरायची आणि जे हाती लागेल ते वाटून घ्यायचं. भांडवल घातलं ते सत्ताधारी व्हिग पक्षाच्या बड्या लोकांनी. न्यायव्यवस्थेचे प्रमुख सॉमर्स, आरमाराचे प्रमुख ऑर्फर्ड, तसेच रॉमनी आणि श्रूजबरी. बेलोमाँट धरून पाच उमराव. कागदोपत्री मात्र यांपैकी बऱ्याच जणांच्या जागी दुसऱ्यांचीच नावं होती.

राजाचा वाटा दहा टक्के. उरलेल्यातले साठ टक्के भांडवलदारांना, पंधरा टक्के किड आणि लिव्हिंग्स्टन यांना, पंचवीस टक्के खलाशांना. शिकार मिळाली नाही तर पगार नाही. शिवाय २५ मार्च १६९७ पर्यंत काही मिळालं नाही, तर भांडवल परत करण्याची जबाबदारी किड आणि लिव्हिंग्स्टन यांची. त्यासाठी किडने वीस हजार पौंडांचा जामीन लिहून दिला होता.

डेप्टफर्डला बांधलेलं 'अ‍ॅडव्हेंचर गॅली' हे २८७ टनांचं, ३४ तोफांचं आणि ४६ वल्ह्यांचं जहाज घेऊन किड निघाला. पण थेम्समधून बाहेर पडायच्या आतच शाही आरमाराने त्याचे चांगले खलाशी सक्तीने उचलून नेले. न्यूयॉर्कला पोचून नवी माणसं भरती करायला गेला तर पंचवीस टक्क्यांवर कुणी यायला तयार होईना. परवान्यावर लढणाऱ्या खासगी जहाजांवर खलाशांना साठ टक्के देण्याची रीत होती. किडने तेही कबूल केलं.

म्हणजे तेच साठ टक्के त्याने लंडनच्या लॉर्डांनाही दिले होते आणि न्यूयॉर्कच्या खलाशांनाही. १६९६ च्या सप्टेंबरात दीडशेच्या आसपास माणसं घेऊन तो निघाला, तेव्हा हा हिशेब कधीच जुळणार नव्हता.

कारवारची वखार

कोमोरो बेटांवर रोगराईने आठवड्याभरात पन्नासेक माणसं गेली. भांडवल परत करायची मुदत उलटली आणि गळाला एकही चाचा किंवा फ्रेंच जहाज लागलं नाही. १६९७ च्या ऑगस्टमध्ये किड तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून बसला. मोख्याहून सुरतेकडे परतणारी यात्रेकरूंची आणि व्यापाऱ्यांची जहाजं तिथूनच जात. म्हणजे चाच्यांना पकडायला आलेला माणूस चाच्यांच्याच आवडत्या जागी येऊन थांबला होता. पण ताफ्याबरोबर ईस्ट इंडिया कंपनीचं 'सेप्टर' हे जहाज होतं. त्याचा कप्तान एडवर्ड बार्लो याने निशाण चढवून तोफा डागल्या आणि किडला हुसकावून लावलं.

मग तो आपल्या किनाऱ्याकडे वळला. वाटेत इंग्रज निशाणाचं एक छोटं जहाज त्याने अडवलं, पैसा कुठे आहे हे काढून घेण्यासाठी त्यावरच्या काही खलाशांना टांगून उघड्या तलवारींच्या पात्यांनी बडवलं, आणि कप्तान पार्कर व एक पोर्तुगीज यांना वाटाड्या आणि दुभाष्या म्हणून स्वतःबरोबर ठेवून घेतलं. सप्टेंबरात लाकूड आणि पाणी भरायला तो कारवारला आला. तिथे इंग्रजांची वखार होती. वखारवाल्यांनी त्या दोघांना सोडायला सांगितलं, तेव्हा किडने त्यांना जहाजाच्या तळाशी दडवून कानांवर हात ठेवले. त्याची काही माणसं मात्र तिथेच पळाली आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कारवारच्या वखारीतून मुंबईला आणि तिथून लंडनला पत्रं गेली, ती पुढे त्याला भोवली. कारवार सोडल्यावर गोव्याहून निघालेल्या दोन पोर्तुगीज लढाऊ जहाजांशी त्याची चकमक झाली. लहान जहाजाला तोफांनी जायबंदी करून तो दक्षिणेला निसटला.

लक्षद्वीपच्या बेटावर जहाज डागडुजीसाठी लावलं असताना त्याच्या माणसांनी बेटकऱ्यांच्या होड्या जळणासाठी फोडल्या आणि बायकांवर अत्याचार केले. बेटकऱ्यांनी एका खलाशाचा गळा चिरला, तेव्हा किडने एका बेटकऱ्याला झाडाला बांधून गोळ्या घालायला लावल्या. किड निर्दोष होता असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण विसरून चालत नाही.

जहाजावर असंतोष साचत गेला. परवान्यात न बसणारं एक इंग्रज जहाज समोर आलं तेव्हा खलाशांना ते लुटायचं होतं, किडने नकार दिला. ३० ऑक्टोबरला विल्यम मूर नावाचा गोलंदाज सहाणेवर छिन्नीला धार लावत बसला होता. बोलाचाली झाली. किडने त्याला कुत्रा म्हटलं. मूर उलटून म्हणाला, मी कुत्रा असेन तर तो तू केलास, तू मला आणि बाकीच्यांनाही बुडवलंस. हे ऐकल्यावर किडने येरझारा घालता घालता लोखंडी पट्ट्यांची लाकडी बादली उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला.

नोव्हेंबरात सुरतेहून निघालेलं एक छोटं जहाज फ्रेंच परवान्यासह सापडलं, आणि जानेवारीत 'क्वेदाह मर्चंट'. असे दोन फ्रेंच परवाने किडच्या हाती आले. कप्तान इंग्रज आहे हे कळल्यावर जहाज सोडून द्यावं असं आपण म्हणालो, पण खलाशांनी ऐकलं नाही, हे त्याचं पुढचं म्हणणं. व्यापाऱ्यांनी देऊ केलेले वीस हजार रुपये त्याने नाकारले. कराराप्रमाणे धरलेलं जहाज बॉस्टनला नेऊन न्यायालयापुढे ठेवायला हवं होतं. ते न करता त्याने बराच माल कायंकुळम् इथे विकून पैसे वाटले. फ्रेंच परवाना कितीही खरा धरला, तरी या टप्प्यावर किडने आपल्याच परवान्याची अट मोडली होती.

सुरतेचा राग

हे सगळं इतकं गाजलं त्याचं कारण सुमारे अडीच वर्षांपूर्वीच्या एका दरोड्यात आहे. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने बादशहाचं 'गंज-इ-सवाई' हे हज यात्रेहून परतणारं जहाज लुटलं. जहाजावरच्या बायकांवर अत्याचार झाले. संतापलेल्या सुरतेत वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकावं लागलं आणि ते महिनोन्‌महिने बेड्यांत राहिले. मुंबईला सिद्दी याकुताने वेढा घातला होता, त्यालाही फार दिवस झाले नव्हते. बादशहाची मर्जी फिरली तर हिंदुस्थानातला सगळा व्यापार बुडेल, याची कंपनीला पक्की जाणीव होती. एव्हरी मात्र कुणाच्या हाती लागला नाही.

मोगल अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: लुटणारे इंग्रज, व्यापार करणारेही इंग्रज; मग चोर वेगळा आणि सावकार वेगळा कसा? 'क्वेदाह मर्चंट' लुटलं गेल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी तर लुटणाऱ्याच्या खिशात इंग्लंडच्या राजाचा शिक्का होता. कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागली, समुद्र राखण्याचे करार लिहून द्यावे लागले. आता तिला एक असा माणूस हवा होता, ज्याला शिक्षा झाल्याचं बादशहाला दाखवता येईल.

१६९८ च्या नोव्हेंबरात किडला पकडण्याचे हुकूम सगळ्या वसाहतींत गेले. महिन्याभराने केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडच्या चाच्यांसाठी माफीचा जाहीरनामा निघाला. त्यातून दोन नावं वगळली होती, एव्हरी आणि किड.

किडला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर पोचला, तर तिथे समोर कलिफर्ड. आता तो खराखुरा चाचा झालेला. त्याला पकडणं हे तर परवान्यात लिहिलेलं काम. पण किडचे नव्वदच्या वर खलाशी त्याला सोडून कलिफर्डला जाऊन मिळाले. 'अ‍ॅडव्हेंचर गॅली' कुजून निकामी झाली होती. मूठभर माणसं घेऊन, पकडलेल्या तारवातूनच किड घराकडे निघाला. १६९९ च्या एप्रिलमध्ये कॅरिबियन बेटांवर पोचल्यावर त्याला कळलं, आपण चाचा जाहीर झालो आहोत.

त्याने मोठं जहाज हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्यावर ठेवलं, एक छोटं गलबत विकत घेतलं, न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर मालकाला सांगून काही ऐवज पुरून ठेवला आणि बेलोमाँटला वकिलाकरवी निरोप पाठवला. सोबत ते दोन्ही फ्रेंच परवाने दिले. निर्दोष असशील तर ये, असं बेलोमाँटचं आश्वासन आलं. ६ जुलै १६९९ ला बॉस्टनमध्ये त्याला अटक झाली. बेटावरचा ऐवज सरकारने उकरून नेला. सगळीकडून मिळून हाती आलं ते १,१११ औंस सोनं, २,३५३ औंस चांदी, थोडे जडजवाहीर, साखरेची पोती आणि कापडाच्या गाठी. पुरलेला ऐवज असा लगेच काढलाही गेला, तरी खजिना शोधणाऱ्यांचा उत्साह नंतर शतकानुशतकं टिकला.

कागद हरवले

अटकेनंतर किडला लंडनला आणलं, तेव्हा तिथली हवा बदललेली होती. व्हिगांच्या विरोधातल्या टोरी पक्षाला किडच्या रूपाने व्हिग मंत्र्यांवर डागायला आयती तोफ मिळाली होती. १७०१ च्या मार्चमध्ये त्याला न्यूगेटच्या तुरुंगातून काढून हाउस ऑफ कॉमन्सपुढे उभं केलं. त्याने आपल्या पाठीराख्यांविरुद्ध बोलावं, ही टोरींची अपेक्षा होती. पण मी काही चुकीचं केलंच नाही, हेच तो सांगत राहिला. त्यामुळे टोरींच्या कामाचा तो उरला नाही, आणि तो जिवंत राहणं व्हिगांनाही परवडणारं नव्हतं.

८ आणि ९ मे रोजी ओल्ड बेलीत खटला चालला. बचावासाठी मंजूर झालेले पन्नास पौंड त्याच्या वकिलांच्या हाती आले ते आदल्या रात्री. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वकिलाला फक्त कायद्याच्या मुद्द्यावर बोलता येई; साक्षीदारांची उलटतपासणी आरोपीनेच करायची. पहिला आरोप चाचेगिरीचा नव्हता, मूरच्या खुनाचा होता. तो शाबीत झाला की पुढचं सोपं. जहाजाचा वैद्य ब्रॅडिनहॅम आणि खलाशी पामर हे दोघे माफीचे साक्षीदार झाले होते. माझे फ्रेंच परवाने आणा, असं किड सुरुवातीपासून सांगत होता. बेलोमाँटने ते लंडनला पाठवले होते, पण न्यायालयात आले नाहीत. दोन दिवसांत खून आणि चाचेगिरी हे दोन्ही आरोप शाबीत झाले. हे परवाने १९११ च्या सुमारास राल्फ पेन या लेखकाला लंडनच्या सरकारी दफ्तरात मिळाले आणि त्याच्या पुस्तकात छापले गेले.

ते वेळेवर सापडते तर? मूरच्या खुनाच्या आरोपावर त्यांचा काही उपयोग नव्हता, आणि त्या एका आरोपावरही फाशी होऊ शकत होती. पण राजाच्या कप्तानाने शत्रूचा कागद असलेलं जहाज धरलं, हे तरी ज्युरीसमोर आलं असतं. तेवढंही कुणाला नको होतं.

वॅपिंगची ओहोटी

समुद्रावरच्या गुन्ह्यांवर आरमार न्यायालयाचा अधिकार होता, म्हणून चाच्यांना फाशीही ओहोटीच्या रेषेखाली देत. थेम्सच्या काठी वॅपिंगला त्यासाठी कायमची जागा होती. २३ मे १७०१ च्या मिरवणुकीत या अधिकाराची खूण म्हणून चांदीचं वल्हं पुढे होतं. किड चांगलाच प्यायलेला होता, याचा तुरुंगाच्या पाद्र्याला राग आला. त्याला खाली सोडलं आणि दोर तुटला. तो चिखलात पडला. तेवढ्यात पाद्र्याने त्याच्याकडून पुन्हा पश्चात्तापाचे शब्द वदवून घेतले आणि त्याला दुसऱ्यांदा चढवलं. रिवाजाप्रमाणे प्रेतावरून तीन भरत्या जाऊ दिल्या. मग ते डांबर फासून, लोखंडी सापळ्यात अडकवून टिलबरीला नदीच्या तोंडाशी टांगलं. लंडनला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खलाशाने ते पाहावं, हा हेतू होता.

कलिफर्डचं काय झालं? माफीच्या जाहीरनाम्यावर भिस्त ठेवून तो शरण आला, त्याच्यावरही खटला झाला, पण दुसऱ्या एका चाच्याविरुद्ध साक्ष हवी म्हणून त्याला जीवदान मिळालं. किडचा जप्त माल लिलावात विकून आलेले साडेसहा हजारांच्या आसपास पौंड ग्रीनिचच्या खलाशांच्या रुग्णालयाला मिळाले.

'क्वेदाह मर्चंट' मागे राहिलेल्यांनी लुटून जाळून टाकलं. २००७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या कातालिना बेटाजवळ, अवघ्या दहा फुटांहून कमी पाण्यात त्याच्या तोफा सापडल्या. लाकूड तपासलं तर ते सागाचं निघालं. फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तीत घट्ट बसवायची, ही जोडणीही पश्चिम हिंदुस्थानातल्या कारागिरांची.

किड ज्या काळात या किनाऱ्यावर हिंडत होता, त्याच सुमारास कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल झाले. तेही जहाजं अडवत, दस्तक मागत, नसेल तर जहाज धरत. पोर्तुगीजही शतकाच्या वर हेच करत आले होते. मुंबईकर इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवलं, १७१३ मध्ये त्यांच्याशीच तह केला, तो मोडल्यावर १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली, आणि तिन्ही वेळा हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हाही ते सरखेलच होते. त्यांचं दस्तक छत्रपतींच्या राज्याच्या नावाने निघे, आणि ते न मानणाऱ्याला विजयदुर्गाच्या तोफा दिसत. किडच्या परवान्यामागे पाच लॉर्ड होते, आणि त्या पाचांनाही आधी आपापली खुर्ची वाचवायची होती.